इवाओची तीन चित्रं

ओसाका, ३ नोव्हेंबर १९९४

ती. मुनेहारूमामांस,
कानाएचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आमच्या नव्या मारामारीच्या गेममधला मल्ल इवाओ फार बलवान झाला होता आणि ते मी वेळीच पकडलं. हे खरं नाही. ते वाक्य कृपा करून खोडून टाका.

घडलं ते असं. शुक्रवार ते रविवार आमचं मशीन एका गेम सेंटरमध्ये चाचणीसाठी ठेवलं होतं. शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक लढत लिहून घ्यायची हे माझं काम: डावीकडे कोण, उजवीकडे कोण, जिंकलं कोण. इवाओ शहाण्णव लढती खेळला आणि एकाहत्तर जिंकला. बाकीचे सातही लढवय्ये निम्म्याच्या आसपासच होते. सोमवारी मी मिझोगुचीसाहेबांना आकडा दाखवला. नोकरीच्या दोन वर्षांत ते मला पहिल्यांदा शाबास म्हणाले, आणि लगेच म्हणाले, याची पकड मंद करा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात. इवाओची पकड पाचव्या चित्राला बसायची, ती आता आठव्याला बसते. मधली तीन चित्रं आमच्या चित्रकार निशिवाकीकाकांनी दोन दिवसांत काढून दिली, मनगटाला पट्टी बांधून. इवाओ त्यांनीच घडवलेला, त्याच्या पोटाची वळी न् वळी त्यांच्या हातची. तरी मलाच म्हणाले, इतकं नीट मोजणारं माणूस आपल्याला हवंच होतं, पोरी.

आज सुट्टी. मशीनला दोरीने बांधलेली वही, जिच्यात खेळणारे आपापलं म्हणणं लिहितात, मी घरी आणली होती आणि उतरवून काढत होते. एकाने लिहिलंय, इवाओच्या नावाने काय बोंबलता, तो पांढऱ्या हातमोज्यांचा टॅक्सीवाला खुर्चीवरून उठत नाही, त्याला उठवायचं बघा. खाली हातमोज्यांचं चित्र. मी हसले, आणि मग ते वाक्य पुन्हा वाचलं.

गेम सेंटरमध्ये हरणारा उठतो आणि जिंकणारा बसून राहतो. मी कागद पुन्हा काढले. उजवीकडे इवाओ, विजय. उजवीकडे इवाओ, विजय. अशा एकाखाली एक एकतीस ओळी, आणि मला शंकासुद्धा आली नव्हती. मी लढवय्या लिहीत होते, खेळणारा लिहीतच नव्हते. खुर्ची आणि सलग ओळी लावत सगळं पुन्हा मोजलं तर त्या एका टॅक्सीवाल्याच्या अठ्ठावन्न लढती निघाल्या, त्यातल्या पंचावन्न त्याने जिंकलेल्या. उरलेल्या सगळ्यांनी मिळून इवाओच्या अडतीस लढती खेळल्या आणि जिंकल्या फक्त सोळा. म्हणजे इवाओ बलवान नव्हताच. जरासा दुबळाच होता, आणि मी त्याच्या पायात आणखी बेडी घातली.

बावीस तारखेला गेमच्या चिप्स बनवायला ऑर्डर जाते. मग काही बदलता येत नाही. साहेबांना काय तोंड दाखवू? या शनिवार-रविवारनंतरच्या शनिवारी दुसरी चाचणी आहे, तिथे खरं काय ते आपोआप दिसेल अशी आशा करते आहे.

मामींना नमस्कार. हे वाचूनही माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कानाए

•

ओनोमिची, ६ नोव्हेंबर

चि. कानाएस,
मामाचे पुष्कळ आशीर्वाद.

वाक्य खोडायला सांगतेस, पण फार उशीर झाला. तुझं मागचं पत्र मी शोगीच्या क्लबात, पट-सोंगट्या बाजूला सारून, मोठ्याने वाचून दाखवलं होतं. भाचीने राक्षस लोळवला म्हणून सगळ्यांना चहा पाजला. काल नवं पत्र वाचून दाखवलं तर न्हावी हारागुची म्हणतो, म्हणजे तुमच्या भाचीने राक्षसाऐवजी हमालालाच लोळवला म्हणायचं. सगळे दात काढून हसले. मीही हसलो. चहा पुन्हा पाजावा लागला.

तू दम्याने नऊ वर्षांची होईपर्यंत घरी होतीस, तेव्हा बेरीज-वजाबाकी मी तुला शोगीच्या सोंगट्यांवर शिकवली. एवढं शिकवूनही तू हे विसरलीस याचं मला वाईट वाटतं, तुझ्या चुकीचं नाही. आमच्याकडे तगडा माणूस कच्च्या माणसाशी खेळतो तेव्हा तो आपली सगळ्यात जोरदार सोंगटी, रथ, पटावरून उतरवून बाजूला ठेवतो. चाळीस वर्षांत कुणी चाकू घेऊन रथच तासायला बसलेलं मी पाहिलं नाही.

आता एक विचारतो. हा टॅक्सीवाला इवाओमुळे जिंकतो की कुणालाही घेऊन जिंकेल? हे तुला माहीत नाही. मलाही नाही. मग जाऊन बघ. आणि आपोआप काही दिसत नसतं गं. दिसेल दिसेल म्हणून मी तुझ्या मामीला मागणी घालायला तीन वर्षं लावली होती.

मामी वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवते आहे. शेजारणीला वाटून टाकू नकोस, स्वतः खा.

दोघांचाही लोभ आहे तसाच आहे, उलट वर्गणी वाढली आहे.

मुनेहारू

•

ओसाका, १४ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पर्सिमन मिळाली. दोन शेजारणीला दिली, हे लपवत नाही.

दुसरी चाचणी झाली. यावेळी मी प्रत्येक ओळीपुढे माणूससुद्धा लिहिला: चष्मेवाला, लाल स्वेटर, शाळेची टोपी. टॅक्सीवाले दोन्ही दिवस आले. त्यांचं नाव कादोनो. मंद झालेला इवाओ घेऊन ते चौतीस लढती खेळले आणि एकतीस जिंकले. बाकीच्यांनी इवाओ चाळीसदा घेतला आणि सहा वेळा जिंकला. सहा, मामा! लाल स्वेटरवाला मुलगा पहिल्या चाचणीत दिवसभर इवाओच खेळत होता. यावेळी तीन लढतींनंतर तो उठला आणि वहीत लिहून गेला, इवाओदादा, आपली सोबत इथपर्यंतच.

रविवारी संध्याकाळी मी कादोनोंपुढे जाऊन चार वेळा वाकले आणि विचारलं, जरा दुसरे लढवय्ये घेऊन खेळाल का. ते म्हणाले, बाई, गिऱ्हाईक म्हणेल तिकडे गाडी नेतो मी, त्यात विचारायचं काय. उजवा हातमोजा काढून खिशात ठेवला आणि उरलेले सातही एकेक करून घेतले. सहा लढती जिंकले. कोळीण नागिसाला घेऊन हरले, कारण तिची उडी त्यांना त्यांच्या सासूसारखी वाटली आणि हसू आवरेना. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जाताना ते म्हणाले, इवाओचा हँडब्रेक ओढून ठेवलाय कुणीतरी; मला चालतं, मी खटारेही चालवलेत, पण नवशिक्याला ही गाडी देऊ नका. तो कुणीतरी मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. एकतीस आणि सहा सदतीस. चौतीस आणि चाळीस चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तरात सदतीस म्हणजे बरोब्बर निम्मे! आज सकाळी मिझोगुचीसाहेबांनी फक्त खालची बेरीज बघितली आणि तिच्याभोवती लाल गोल काढला. सगळ्या विभागाला बोलावून म्हणाले, असा तोल वीस वर्षांत बघितला नाही, हाबारांकडून, म्हणजे माझ्याकडून, शिका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशिवाकीकाकांनी पट्टी बांधलेल्या हाताने वाजवल्या. आणि मी, मामा, मी वाकून आभार मानले.

कागदावर माणसं लिहिलेली आहेत, पण ती कुणी वाचली नाहीत, आणि मी वाचून दाखवली नाहीत. हा गेम देशभर जाईल. कुठल्यातरी गावात एखादा लाल स्वेटर इवाओला निवडेल, हरेल, आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून उठून जाईल.

रागावलात तरी पत्राने रागवा, गप्प राहू नका.

कानाए

•

ओनोमिची, १६ नोव्हेंबर

चि. कानाएस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. पण टाळ्यांना तू वाकलीस तो भाग क्लबात वाचला नाही, एवढं सांगतो.

तुला मी ओळखतो. तू रस्त्यावरच्या मशीनमध्ये पैसे घालून थंड चहाचा डबा घेतेस आणि त्या मशीनलाच धन्यवाद म्हणतेस. साहेबांपुढे उभी राहिलीस की अर्धा तास माफी मागशील, आणि शेवटी त्यांना एवढंच कळेल की हाबाराची तब्येत बरी नाही. म्हणून माफी नंतर. आधी आकडा सांग. चाळिसात सहा. बस. एवढं बोलून तोंड मीट आणि त्यांना बोलू दे.

ते म्हणतील, एक टॅक्सीवाला सगळ्यांना हरवत बसला तर लोक मशीनकडे फिरकणार नाहीत. तर सांग, माझ्या क्लबात तगडा माणूस बसला की त्या दिवशी चपला ठेवायला जागा उरत नाही. हरायला येतात, आणि तो कधी हरतो ते बघायला येतात.

नोकरी गेली तर वरची खोली तुझीच आहे, असं मी लिहिणार होतो. मामी म्हणते तसलं काही लिहू नका, जायची नाही तिची नोकरी. दोन्ही लिहिलं.

तुझ्यावर जीव असलेला,
मुनेहारू

•

ओसाका, १८ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं. कालच यायला हवं होतं. काल दुपारी मी कागद घेऊन निशिवाकीकाकांच्या टेबलाशी गेले होते. साहेबांच्या आधी त्यांना सांगावं, कारण ती तीन चित्रं त्यांच्या दुखऱ्या मनगटातून निघाली आहेत, असं ठरवून गेले. त्यांनी भाजलेल्या स्क्विडची पिशवी पुढे केली. मी एक तुकडा घेतला. मग वीस मिनिटं आम्ही कुठल्या किनाऱ्याचा स्क्विड जास्त चिवट यावर बोललो, आणि मी परत आले. स्क्विड चांगला होता, हे तेवढं खरं.

पण येताना एक गोष्ट दिसली. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर इवाओची जुनी पकड टाचलेली आहे, पाचही चित्रं ओळीने. नवी तीन तिथे नाहीत. मी काही विचारलं नाही, तेही काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांचे डोळे माझ्या बेरजेपेक्षा जुने आहेत, पण मोजणाऱ्या मुलीवर त्यांनी विश्वास टाकला.

आज जेवणाच्या सुट्टीत मी नवा कागद तयार केला. टॅक्सीवाल्याच्या लढती एका रकान्यात, बाकीच्यांच्या दुसऱ्यात, आणि खाली एकत्र बेरीज मुद्दाम केलेली नाही. आरशासमोर उभी राहून चाळिसात सहा म्हणून बघितलं. पहिल्यांदा पुढे क्षमा करा आलंच. सातव्यांदा नाही आलं. जुनी पकड परत बसवायला कामाचा एकच दिवस लागतो, हे मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना विचारून घेतलं. का विचारते आहेस असं त्यांनी विचारल्यावर मी सोमवारी कळेल म्हणाले, त्यामुळे आता माघार घ्यायला तोंड राहिलेलं नाही. बहुतेक म्हणूनच तसं बोलले.

साहेब मला परत स्टुलावर बसवतील, कदाचित तेही काढून घेतील. टाळ्या तर परत द्याव्याच लागतील. झोप लागत नाही, पण भूक लागते आहे, हे मामींना सांगा.

पत्र वाचून तुम्ही दोघं काळजी कराल, ती थोडीच करा आणि उरलेली माया माझ्या खात्यावर राहू द्या.

तुमची,
कानाए

ता. क. वर मी नुसतं सोमवारी असं लिहिलं, ते मोघम झालं. मंगळवारी ऑर्डर जाते, बुधवारी सुट्टी आहे. नऊ वाजता निशिवाकीकाकांना आणि सव्वानऊच्या बैठकीत सगळ्यांसमोर मिझोगुचीसाहेबांना सांगणार आहे: सोमवार, २१ नोव्हेंबर.