दांडा कुणाला विचारत नाही

सोमवार, ३ तारीख
आजपासून रागावणं बंद. लिहून ठेवलं की पाळलं जातं.
पार्किंगच्या गेटचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं. शुक्रवारी पार्किंगच्या मालकासमोर चाचणी. ती साधली की चीफ आर्किटेक्टची केबिन माझी. साहेब तसं बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघून दोनदा खाकरले.
डिझाइन मॅट्रिक्स वापरणार. ओळींत कामं, रकान्यांत क्लास, म्हणजे प्रोग्रामचे सुटे भाग. ज्या कामात जो क्लास हात घालतो, तिथे फुली. फुल्या फक्त तिरक्या रेषेवर हव्यात. एका कामाला एकच क्लास. बाकीच्या फुल्या घुसखोर. एकेकीचा मुडदा पाडणार.

मंगळवार
जेवणापर्यंत सगळ्या कापल्या. एक चिवट निघाली. गेटचा आडवा दांडा खाली आणायच्या कामात सेन्सर नाक खुपसतो. खाली गाडी आहे का, ते सांगतो म्हणे. आमचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरबाईंचं मत, ही फुली राहू द्या. आधी सेन्सरला विचारायचं, मग दांडा पाडायचा, क्रम लावला की झालं. मी शांतपणे समजावलं. समजावताना डस्टर हातातून सुटला आणि बाईंच्या कपाला लागला. हल्ली कपांना दर्जाच राहिलेला नाही.

बुधवार, दुपारी
तीही ठार. दांडा आता कुणाला विचारत नाही. वर गेला की आठ सेकंदांनी पडतो. बाईंनी विचारलं, खाली कुणी असलं तर? म्हटलं, तो दांड्याचा विषय नाही. त्या हसल्या. खुर्चीला लाथ घालावी लागली. अंगठा काळानिळा. खुर्ची लोखंडी आहे हे आधी सांगायला काय होतं?

बुधवार, संध्याकाळी
बायकोला घराची मॅट्रिक्स मांडून दाखवली. ती म्हणाली, तुझ्या रागाचा रकाना राहिला की, त्यात प्रत्येक ओळीला फुली पडेल. पट्टी मोडली. प्लॅस्टिकची होती, मोडायचीच.

गुरुवार
गेटवर तालीम. दांडा साहेबांच्या गाडीवर पडला. टप चेपला, मागच्या काचेचा चक्काचूर. मी लक्षात आणून दिलं की दांडा सेकंदाचीही चूक न करता पडला. आठ सेकंदांत माणसानं निघावं. साहेबांनी माझी गचांडी धरली. दोन बटणं गेली. फुली परत घाला, असं बाईंचं पालुपद. मी पासवर्ड बदलला.

शनिवार (डाव्या हाताने)
काल मालक आला. धिप्पाड गडी. दांड्याकडे संशयानं बघत होता, म्हणून विश्वास बसावा यासाठी मी दांड्याखाली उभा राहून मॅट्रिक्स समजावू लागलो. विषय रंगला.
खांद्याचं हाड मोडलं. कपाळाला टाके. डिझाइन मात्र निर्दोष ठरलं. शुद्ध हरपण्याआधी पासवर्ड सांगितला, असं म्हणतात. मला आठवत नाही.

सोमवार, हॉस्पिटल
टेस्टरबाई भेटायला आल्या. फुली परत घातली, काल चाचणी पार पडली, मालक खूश. केबिन बाईंना.
साहेबांनी टीमचीही मॅट्रिक्स मांडली म्हणे. माझीच पद्धत! एका कामाला एकच माणूस. ऊर भरून आला. विचारलं, माझी फुली कुठल्या ओळीत?
बाई पर्स उचलून उठल्या.
"तुमचा रकाना रिकामाच निघाला. साहेबांनी काढून टाकला."
त्या गेल्यावर पाण्याचा पेला भिंतीवर भिरकावला.
स्टीलचा होता. फुटलासुद्धा नाही.