माग चालू हाय

आक्का,

गौरीच्या सणाला तू विचारलंस, "दाजी हात उचलतात काय गं?" मी न्हाय म्हटलं. ते खरंच हाय. ह्यांनी मला कधी बोट लावलं न्हाय.

पण खडेबाजारात दुकानावर पोचले की हे फोन करतात. तो घरात मी चालवते त्या मागाशेजारी फळीवर दिवसभर चालू ठेवायचा. मागाची खटखट थांबली की लगेच विचारतात, "कुठं गेलतीस?" वर म्हणतात, "जीव हाय तुझ्यावर, म्हणून विचारतो." मलाबी ते खरं वाटायचं.

काल करंट गेला, माग थांबला. ह्यांना पटंना. "बाहेर जा. शेजारचे माग बंद हाईत काय, ऐकू दे मला." मी भर गल्लीत फोन उंच धरून उभी राहिले. शेजारच्या चंपाबाई म्हणाल्या, "काय करतीस गं पोरी?" फोनवर हे ऐकत होते. मी हात खाली घेतला न्हाय. मार न खाताबी माणूस एवढं भितंय, हे मला तिथं कळलं.

हे लिहितानाबी माग चालूच हाय. पत्र टपालात टाकत न्हाय, तुझ्याकडं निपाणीला मीच घेऊन येतीया. चालू माग सोडून उठायचं न्हाय, असं आईनं शिकवलेलं. आज ते मोडतीया. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातलीया, फोन फळीवरच हाय. कांडी संपली की माग आपोआप थांबंल आणि हे विचारतील, "कुठं गेलतीस?"

तवा खोलीत कोण नसंल.

वाटेवर असलेली तुझी,
मंजू