स्वयंपाक्याचा डबा

तीर्थरूप दादांस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? मी बरा आहे, म्हणजे पत्र लिहिण्याइतपत आहे.

गेल्या सोमवारी सकाळी मी घरून डबा घेऊन कामावर गेलो. तुम्ही शब्द टाकून मला पाळणाघरात स्वयंपाकी म्हणून लावलंत, आणि स्वयंपाक्यानेच डबा न्यायचा म्हणजे शिंप्याने उसना सदरा घालून दुकान उघडण्यासारखं. पण कारण ऐका. यंदा पालकांकडून फॉर्म भरून घेतले: पूर्ण जेवण, अर्धं जेवण किंवा घरचा डबा, आणि त्याप्रमाणे पैसे. (साडेतीन वर्षांच्या पोटाला अर्धी भूक कशी लागते, ते फॉर्मवर लिहिलेलं नाही.) इथे एक पोरगी आहे, मी तिला चिमणी म्हणतो. तिच्या आईने अर्ध्यावर खूण केली. बाई एकटी, कपड्यांच्या कारखान्यात कामाला. चिमणी ताटली बोटाने पुसून खाते आणि पातेल्याकडे बघत बसते. मागत नाही. मागितलं असतं तर रागावता तरी आलं असतं.

संचालकबाई म्हणाल्या, "काका, एकीला जास्त वाढलंत की उद्या सगळेच अर्धे पैसे भरतील." तेही खोटं नाही. मग मला कामावर मिळणारं ताट मी तिला देऊ लागलो आणि स्वतः मागच्या पायरीवर डबा खाऊ लागलो. चौथ्या दिवशी एका मुलाच्या बापाने पाहिलं. "अहो, स्वयंपाकीच इथलं खात नाही!" संध्याकाळपर्यंत सात पालकांनी घरचा डबा निवडला. बाईंनी हुकूम काढला: काकांनी रोज सगळ्यांसमोर इथलंच जेवायचं, नाहीतर दुसरं काम बघायचं. काल जेवलो. खिडकीबाहेर सातही जण, बैल विकत घ्यायला आल्यासारखे माझे दात बघत होते. समोर चिमणी. मी घासागणिक देवाचं नाव घेतो. काल नुसते घास मोजले, नाव घ्यायचं राहूनच गेलं. खरं सांगावं तर तिच्या आईला मान खाली घालावी लागेल, गप्प बसावं तर पोरगी उपाशी. तुम्हीच सांगा, काय करू?

आपला,
धाकटा

ता. क. बाईंचा तुम्हांला फोन येईल. मला जुनं पित्त आहे, पोटभर सोसत नाही, असं सांगा. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणूनच त्यांना पटेल. (हे पाप माझ्या माथी, तसं देवाला सांगून ठेवलं आहे.)

आणखी एक. वर सल्ला विचारला तो मोठ्यांना विचारायची रीत म्हणून. आज सकाळीच मी माझ्या नावाचा फॉर्म भरून दिला: अर्धं जेवण. खिडकीतून मी जेवताना दिसेन, आणि माझ्या वाट्याचं दुसरं अर्धं आत चिमणीच्या ताटलीत पडेल. बाईंनी शिक्काही मारला.