जमिनीवरून एकटीनं उठणं

४ नोव्हें., मंगळ.
नव्या डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं, साखर बघितली, मग म्हणाल्या, खाली बसून दाखवा. बसले. आता उठा. तिथेच नाचक्की. शेवटी काखेत हात घालून उचललं मला, गव्हाचं पोतं जणू. वय बहात्तर. घरी कोण असतं? कोणी नाही. धाकटी बहीण होती, माई, दोन वर्षांपूर्वी गेली. लग्न दोघींनीही केलं नाही.
कागदावर लिहून दिलं: चालणं, डाळ-दही वाढवा, खुर्ची धरून जमिनीवरून उठायचा रोज सराव, घराची दुसरी चावी ओळखीच्या माणसाकडे. हे शेवटचं मेडिकलमध्ये मिळत नाही.

६ नोव्हें.
श्रीरंगचा पुण्याहून फोन. भाच्याला सगळं सांगून बसले, ही चूक. "आत्या, पडलीस तर कळणार कुणाला?" तिकडे म्हाताऱ्यांसाठी चांगली जागा बघून ठेवलीय म्हणे. महिनाअखेरीस येऊन ठरवून टाकू. पोरगा वाईट नाही. पण करंजाड्यातलं हे घर माईनं नि मी मिळून घेतलं. मला इथेच राहायचंय.

९ नोव्हें.
सराव. एक गुडघा टेकलेला, दुसरा पाय पुढे, खुर्ची गच्च. कुंथत उठले. माई असती तर हसून लोळली असती, मग तिलाही उठवायला लागलं असतं.

११ नोव्हें.
चावी कुणाला? समोर भाडेकरू, आतापर्यंतचे तिसरे, सकाळी आठला कुलूप. वरच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये हसतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही, माझं त्यांना. नऊ वर्षं झाली इथे. बोलायची ती माई, मी आपली पिशवी धरून मागे उभी. एवढ्या बिल्डिंगमध्ये एक माणूस जोडलं नाही. आज त्याचं फार वाईट वाटलं.

१३ नोव्हें.
शेवटी हिराबाईला दिली. सुकापूरची, गेटपाशी भाजी घेऊन बसते. माई तिच्याशी तासभर बोलायची. चावी पुढे करण्याआधी दोनदा मेथीचाच भाव विचारला. तिनं कारण विचारलं नाही, चावी कनवटीला खोचली नि म्हणाली, भाजी घेता का नुसतीच चावी? मेथी घेतली.

१७ नोव्हें., सोम.
दोन दिवस सर्दी, खाली गेले नाही. आज गोळी घेऊन झोप लागली, बेल ऐकूच आली नाही. जाग आली ती दार धडधडल्यानं. हिराबाई. चावी फिरवून थकली होती बिचारी, कारण आतून कडी. एकट्या बायकांनी कडी घालायचीच, आईची शिकवण, हात आपोआप जातो.
"कडी घालून बसता, मंग चावी काय मला मिरवाला दिली? आत काय झाला आसता तं मी भाइरशी काय करनार व्हते?"
ती गेल्यावर रडले. कुणीतरी रागावलं म्हणून.

२० नोव्हें.
दिवसा कडी नाही. लिफ्ट वाजली की हात कडीकडे जातो. सवय होईल म्हणतात. कोण म्हणतं, मीच.

२७ नोव्हें., गुरु.
आज खुर्चीशिवाय उठले. एक हात जमिनीला, बस्स. "जमलं गं," म्हणत स्वयंपाकघराकडे वळले. मोठ्यानं म्हणाले, माईशी बोलायच्या नेहमीच्या आवाजात. ओटा पुसलेला. गॅस बंद.
परत येऊन खुर्चीत बसले.
श्रीरंग रविवारी येतोय. त्याला उठून दाखवीन. पुढे तो विचारेल, इथे कुणासाठी राहतेस? त्याचं उत्तर अजून शोधतेय.