उपवासकाळातलं माझं मौन

१८ फेब्रुवारी, बुधवार
राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. शाळेच्या चॅपलमध्ये फादरांनी सगळ्या स्टाफच्या कपाळाला राख लावली. माझ्या कपाळावर क्रूस अगदी ठळक उमटला. शेजारी पीटीचे सर होते (मुलं त्यांना शिट्टी म्हणतात, मीही). त्यांच्या कपाळावर नुसता डाग. वरच्याला सगळं कळतं.

ईस्टरपर्यंतचे संकल्प: चहात साखर बंद. मांसाहार बंद. कुणाचीही निंदा करायची नाही, मग शिट्टी कितीही कामचुकार असो. आणि सगळ्यात मोठा संकल्प, घरी पाऊल टाकल्यापासून जेवण आटपेपर्यंत संपूर्ण मौन. बोलायचं नाही आणि ऐकायचंही नाही.

हे वर्ष महत्त्वाचं आहे. सिस्टर हेड ईस्टरनंतर कॉन्व्हेंटच्या वृद्धाश्रमात जाणार. त्यांच्या जागी कोण, हे मॅनेजमेंटनं सांगितलेलं नाही, पण त्यात सांगण्यासारखं काय आहे? सुपरवायझर मी. सकाळच्या प्रार्थनेनंतर माइकवरून सूचना देतो तो मी. अख्खी शाळा माझ्या आवाजानं सुरू होते.

आमच्याकडे नव्या हेडची घोषणा वगैरे होत नाही. जुनी रीत आहे. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, स्टाफसमोर, जाणारी हेड येणाऱ्या हेडचे पाय धुते. मोठेपणा म्हणजे सेवा, असा त्यातला अर्थ. ह्या सिस्टरांचे पाय धुतले तेव्हा पाण्याचा जग मी धरला होता. ह्या वेळी शिट्टीनं धरावा.

संध्याकाळी बायको गॅसबद्दल काहीतरी बोलू लागली. मी तळहात वर केला. गप्प झाली. मौनात केवढी ताकद असते!

२० फेब्रुवारी, शुक्रवार
बिनसाखरेचा चहा हे पेय नाही, शिक्षा आहे. अर्धा चमचा घेतला. अर्ध्याला साखर म्हणत नाहीत.

मधल्या सुट्टीत कॅन्टीनचा पॅटिस खाल्ला. आत चिकन आहे हे कळलं तोवर संपला होता. नकळत झालेलं पाप धरत नाहीत. दुसरा खाल्ला तो पहिल्याची खात्री करायला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
सिस्टरांनी बायकोला ऑफिसात बोलावून घेतलं होतं. शिपाई सांगत होता, दार लावून बराच वेळ बोलत होत्या, फादरही होते. चौकशी चालू आहे तर. माणूस घरी कसा आहे हे बायकोलाच विचारणार ना. तिनं काय सांगितलं असेल ह्याची मला बिलकूल काळजी नाही. आमच्याच शाळेत तिसरीच्या वर्गावर इतकी वर्षं आहे बिचारी, खोटं बोलता येत नाही तिला.

घरी आल्यावर ती चपलाही न काढता म्हणाली, अहो, एक विचारायचंय, महत्त्वाचं आहे. मी तळहात वर केला. पाचच मिनिटं ऐका, म्हणाली. मी दोन्ही तळहात वर केले. मग ती स्वयंपाकघरात गेली.

जेवण झाल्यावर मौन संपलं, पण तेव्हा मला झोप आली होती. सकाळी सूचनांची तयारी असते, तेव्हाही कुणी बोललेलं मला चालत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
मैदानावर क्रुसाची वाट. चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी प्रार्थना. दर वर्षी मोठा लाकडी क्रूस दहावीची मुलं आळीपाळीनं उचलतात. ह्या वर्षी मी जाहीर केलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रूस मी एकटा नेणार. नम्रता दिसायलाही पाहिजे, नाहीतर मुलं शिकणार कशी? फादर बघत होते. मॅनेजमेंटची दोन माणसंही आली होती.

तिसऱ्या ठिकाणी, येशू पहिल्यांदा पडतो तिथं, माझ्या कमरेत उसण भरली. मी क्रुसासकट खाली बसलो. सगळ्यांना वाटलं तसंच ठरलेलं आहे. दोन बायका रडल्या. पुढं क्रूस शिट्टीनं नेला, एका खांद्यावर, काही झालंच नाही असा. नंतर म्हणतो कसा, सर, तुमचं पडणं फार नॅचरल होतं.

निंदा करायची नाही असं ठरलंय म्हणून त्याच्याबद्दल इथं काहीच लिहीत नाही. आगाऊ, खुशमस्कऱ्या, पायजम्यात शाळेत येणारा माणूस.

रात्रीपर्यंत बायकोनं कमर शेकली. शेकताना परत सुरू झाली, अहो, सिस्टर उत्तर मागतायत. मी पालथा होतो, पण हात वर केला.

३ मार्च, मंगळवार
सिस्टर जिन्यात भेटल्या. विचारलं, घरी बोलणं झालं का? म्हणजे प्रश्नच मिटला! पदाची जबाबदारी मोठी, घरच्यांची तयारी आहे का, हे बघतायत. मी म्हणालो, सिस्टर, आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. त्या म्हणाल्या, तेच तर. आणि सुस्कारा टाकून वर गेल्या. जाणाऱ्या माणसाला वाईट वाटणारच.

दुपारी त्या वर्गांवर गेलेल्या असताना हेडच्या ऑफिसात डोकावलो. टेबल चुकीच्या बाजूला आहे. दारातून येणाऱ्याला आधी खुर्चीत बसलेला माणूस दिसला पाहिजे. इथं आधी कुंडी दिसते. पडदेही बदलायचे. पावलांनी खोली मोजत होतो तेवढ्यात शिपाई आला. काय हरवलंय का, म्हणाला. म्हटलं, सापडलंय.

१० मार्च, मंगळवार
सकाळच्या सूचनांत मुलांना उपवासाचं महत्त्व समजावलं. ऊन चढत होतं, पण विषय रंगला होता. तिसरीतला एक मुलगा धाडकन पडला. घरून काही न खाता आला होता म्हणे, कारण मी काल तसं सांगितलं होतं. बायको रांगेतून धावली, त्याला सावलीत नेलं, पाणी पाजलं, बिस्किटं चारली. मग माझ्याकडे येऊन, माइक चालू असताना, हळूच म्हणाली, पोरांना बसू द्या. आणि मी काही म्हणायच्या आत तिनं हातानं खूण केली आणि अख्खी शाळा खाली बसली. मी सूचना दिलेली नसताना बसली!

ह्याला शिस्त म्हणत नाहीत. हेड झाल्यावर आधी घरापासून सुरुवात करणार. बायको आहे म्हणून सवलत नाही.

संध्याकाळी ह्यावर तिला चांगलं सुनावलं. मौनात असताना. आवश्यक सूचना मौनात धरत नाहीत. ती म्हणाली, मग मीही एक आवश्यक सांगू का? मी तळहात वर केला.

१५ मार्च, रविवार
फादरांकडे कन्फेशनला गेलो. खूप साचलं होतं. शिट्टी रजा टाकून मॅच बघतो, गणिताच्या बाई क्लास घेतात, क्लार्क झोपतो, बायको उलट बोलते. फादर म्हणाले, हे सगळं दुसऱ्यांचं झालं, तुमचं काय? मी म्हणालो, हे सगळं सहन करतो, तेच माझं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं: घरी जा आणि बायकोचं ऐका.

प्रतीकात्मक आहे. बायको म्हणजे चर्च, म्हणजे समुदाय. फादर खोल माणूस आहेत.

घरी गेलो तर ती म्हणाली, आज तरी बसता का माझ्यासमोर? मी सांगितलं, संकल्प मोडणं हे मोठं पाप, फादरांना विचार. तिनं माझ्यासाठी ओढलेली खुर्ची परत टेबलाखाली सरकवली. मग म्हणाली, बरं. नुसतं बरं. चिडली नाही, रडली नाही. माझ्या तपाचा तिच्यावरही परिणाम होतोय.

२३ मार्च, सोमवार
गेला आठवडाभर घरात अपूर्व शांतता. ती काही विचारतच नाही. मला तळहात वर करावा लागत नाही. सवयीनं एकदोनदा केला, पण समोर कुणी नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती उशिरापर्यंत सिस्टरांच्या ऑफिसात असते. टाइमटेबल, फायली, काहीतरी कारकुनी. भावी हेडच्या बायकोला राबवून घेतात. मी आलो की हेही बंद. मला मात्र चहा स्वतः करून घ्यावा लागतो. करायचाच तर साखर घालूनच करतो.

स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणं थांबतं. आत्तापासूनच धाक बसलाय. गणिताच्या बाई आज विनाकारण म्हणाल्या, सर, मन मोठं ठेवा. मी म्हणालो, मोठंच आहे. ते ऐकून शिट्टी खोकला.

२९ मार्च, रविवार
झावळ्यांचा रविवार. मुलं झावळ्या घेऊन शाळेला फेरी मारत होती. मी सगळ्यांत पुढं. मैदानाच्या कोपऱ्यावर मागे पाहिलं तर मिरवणूक दुसऱ्या दाराकडे वळली होती. बायको वळवत होती. तिकडे सावली होती म्हणे.

दुपारी पायांची तयारी. टाचांना भेगा. बादलीत गरम पाणी, साबण, दगडानं घासणं. नवे मोजे आणले, काळे. बूट बिनलेसचे घालणार, पटकन निघतात. सगळ्यांसमोर लेस सोडत बसणं शोभत नाही.

१ एप्रिल, बुधवार
स्वीकाराचं भाषण पाठ. नम्र आहे. "मी ह्या पदाला लायक नाही" इथं थोडं थांबायचं, म्हणजे कुणीतरी "नाही, नाही" म्हणेल.

टाचा परत घासत होतो तर बायको मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. किती दिवसांनी आपणहून बोलली. म्हणाली, उद्या मोजे काढू नका. मी तळहात वर केला. तरीही म्हणाली, ऐका हो, हात जोडते, मोजे काढू नका, मी का म्हणते ते— मी दार लोटून घेतलं. माझ्या सर्दीची काळजी. बायको ती बायको.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार
लिहू नये असं वाटतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

हॉलमध्ये सगळा स्टाफ. पुढं एक रिकामी खुर्ची, परात, पाण्याचा जग, टॉवेल. प्रार्थना चालू असतानाच मी खाली वाकून दोन्ही बूट काढले. मोजे काढून खिशात घातले. वेळ वाचावा म्हणून. फरशी गार होती.

सिस्टर टॉवेल कमरेला बांधून आमच्या ओळीकडे आल्या. मी उभा राहिलो. त्या माझ्यासमोरून पुढं गेल्या आणि माझ्या पलीकडे बसलेल्या बाईसमोर हात पुढं केला. पलीकडे माझी बायको बसली होती.

ती उठली. खुर्चीपर्यंत गेली. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. टाळ्या एकदम वाजल्या, जशा काही सगळ्यांना माहीतच होतं. सगळ्यांना माहीतच होतं. शिपायालासुद्धा. मी उभाच होतो, अनवाणी. आता बसलो तर दिसेल आणि नाही बसलो तरी दिसतंय. फादर हळूच म्हणाले, सर, उभेच आहात तर जग धरता का?

धरला. सिस्टरांनी तिचे पाय धुतले. तिच्या टाचांनाही भेगा आहेत. मला माहीत नव्हतं.

शिट्टी नंतर माझे बूट घेऊन आला. काहीही बोलला नाही. एवढा अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता.

५ एप्रिल, ईस्टर
उपवासकाळ संपला. मौनही संपलं. दुपारी घरात दोघंच होतो. मी ठरवून ठेवलेलं सगळं बोललो. पाठीत सुरा, नवऱ्याच्या डोक्यावर पाय, लोक काय म्हणतील, एवढी वर्षं सुपरवायझर कुणासाठी होतो. ती वह्यांना कव्हरं घालत होती. घालत राहिली.

मी थकल्यावर तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी सिस्टरांनी हेड होणार का असं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, ह्यांना विचारून सांगते. ह्यांचं मन ह्या खुर्चीत किती अडकलंय ते मला माहीत आहे, ते नको म्हणाले तर मला नको. फादर दोन आठवडे थांबायला तयार झाले. तिसरा आठवडाही तिनं मागून घेतला. रोज वाटायचं, आज ऐकतील.

एवढंच होतं तर. एक शब्द. त्या पहिल्या संध्याकाळी ती चपलाही न काढता उभी होती, तेव्हा मी नुसतं काय गं म्हटलं असतं तर ती आज तिसरीवरच असती. आणि मी नको म्हणालो असतो, ह्यात मला शंका नाही. लगेच म्हणालो असतो. तोंडानं मात्र मी म्हणालो, अगं, विचारायचंस तरी, मी कशाला नको म्हणतोय.

ती कव्हर घालायची थांबली. म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटायचं, की हे ऐकतच नाहीत. आता वाटतं, देवानंच वाचवलं. ऐकलं असतंत तर मी तुमचं ऐकलं असतं.

मग पुढची वही घेतली.