घरच्या माणसाचा रकाना

कागल, सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप मामांना वृषभचा जय जिनेंद्र आणि साष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? मामींना नमस्कार सांगा. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

तुम्ही आदितीचं स्थळ जुळवलंत तेव्हा आप्पासो (माझे होणारे सासरे, निदान गेल्या आठवड्यापर्यंत तरी होणारे) आमच्याच दूध संघाचे संचालक आहेत, हे पथ्यावर पडेल असं वाटलं होतं. संघात यंदा कॉम्प्युटर आला आणि वार्षिक अहवालाचा तक्ता माझ्या गळ्यात पडला. दर गावाला एक रकाना, त्यात महिन्यामहिन्याचं दूध, आणि वर रंगीत उभ्या पट्ट्यांचा आलेख. काम सोपं होतं, पण कच्चा कागद मी संचालकांना दाखवला. भीमाप्पा (यांना फोनची गरज पडत नाही, नुसतं बोलले तरी मुरगूडला ऐकू जातं) कडाडले, "चेअरमनच्या गावाचा रकाना ऐसपैस, आन आमचा एवढुसा? आमच्या म्हशी भाकड हाईत व्हय?" चेअरमनांच्या गावाचं नाव लांबलचक होतं, म्हणून रकाना रुंद, एवढंच. पण ऐकतो कोण! भीमाप्पांचा रुंद केला, तसे बाकीचेही आपापल्या गावाचा मान मागायला येऊन बसले.

कागद काही वाढत नाही. कुणाचा तरी रकाना दाबणं भाग होतं. तुम्हीच लहानपणी शिकवलंत ना, की कार्यात पाहुण्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं आणि घरच्यांनी शेवटी उरलंसुरलं खायचं? आप्पासोंनी काही मागितलं नव्हतं, शिवाय आता ते घरचेच. मी त्यांचाच रकाना दाबत गेलो. छापायला देण्याआधी बाकी सगळे रकाने तपासले. तो तेवढा राहिला, कारण घरच्यांच्या पानाकडे कोण बघतं? आणि हा कॉम्प्युटर, मामा, भलताच मानी आहे. आकड्याला जागा पुरली नाही तर तो आकडा दाखवतच नाही, नुसती जाळी छापतो: ####.

सभेत अहवाल वाटले गेले आणि कृष्णात नावाचे सभासद उठले. "आप्पासोंच्या गावाची पट्टी समद्यांत उंच, आन खाली आकडं जाळीनं झाकल्यात! दुधात पाणी किती हाय ते दिसंल म्हनून व्हय?" मंडप खदखदून हसला. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुधाला पाण्याचं बोट लागू दिलं नाही, त्याने टोपी नीट केली आणि मंडपाबाहेर निघून गेला. मला फार वाईट वाटलं. मी माइकपाशी जाऊन रकान्याच्या रुंदीचा खुलासा केला, पण तोवर लोक चहाकडे वळले होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "साखरपुड्याचं नंतर बघू." आपल्या लोकांत 'नंतर बघू'चा अर्थ काय होतो, ते तुम्ही जाणताच.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (आणि आज्ञा पाळूनच गोत्यात आलेला) भाचा,
वृषभ

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तुम्ही मिळेल त्या एसटीने यावं आणि हा पंगतीचा नियम तुमचा आहे, असं आप्पासोंना सांगावं. गुडघ्याचं मी बघतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आप्पासो स्वतःच दारात उभे! मी चाचरत सगळं सांगितलं, पंगतीसकट. सगळं ऐकून ते म्हणाले, "आमास्नी घरचं धरलंसा न्हवं? मग येत्या रविवारी दुपारी साखरपुडा. आमीबी तुमास्नी घरचंच धरतो. शेवटच्या पंगतीला बसायचं." तेव्हा मामा, नक्की या. तुम्ही तर माझ्याहून घरचे. फक्त दिवस मावळल्यावर आपण जेवत नाही आणि शेवटच्या पंगतीचा काही भरवसा नाही, म्हणून येताना जेवून या.