वरून आलेली मनाई

तात्या, मी नक्की काय काम करतो हे तुम्ही दोनदा विचारलंत, आणि दोन्ही वेळा "कॉम्प्युटरचं" म्हणून मी वेळ मारून नेली. तुम्ही पाटकरी. कालव्याचं पाणी कुठल्या फाट्याला किती दिवस सोडायचं, हे पिंपळीतल्या कोणाही माणसाला तुम्ही बांधावर उभ्या उभ्या समजावून सांगायचात, आणि मला माझं काम बापाला सांगता आलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आईही गेली. बारामतीच्या घरात, वरच्या खोलीत मी दिवसभर एकटा बसतो. बायको तिच्या शाळेवर, पोरगी तिच्या शाळेत. पुण्या-बंगळूरची माणसं समोर छोट्या छोट्या चौकोनांत दिसतात, काम झालं की चौकोन विझतात. दिवसभर बोलून घसा बसतो आणि तरी कोणाशी बोललो असं वाटत नाही.

म्हणून आज सांगतो. आमच्या मशीनमध्ये एका वेळी शेकडो प्रोग्राम चालू असतात. त्यांना मोकाट सोडत नाहीत. त्यांचे गट पाडतात, गटाच्या पोटात गट, जसा कालवा, कालव्याचे फाटे, फाट्यांच्या चाऱ्या. एखाद्या गटावर एक लहानसा प्रोग्राम बसवता येतो, त्याला फिल्टर म्हणतात. आतल्यांनी बाहेर कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, एवढंच तो बघतो. वरच्या गटावर बसवला की खालच्या सगळ्यांना तो आपसूक लागू होतो. मागाहून जन्मलेल्या गटालासुद्धा, त्याला कोणी काही सांगितलेलं नसताना. खालच्याला स्वतःचा फिल्टर लावायचा असेल तर वरच्यानं तशी मुभा ठेवावी लागते. मग कधी खालचा वरच्याच्या जागी चालतो, तर कधी दोन्ही चालतात, आधी खालचा, मग वरचा. आणि त्यातल्या एकानं जरी नाही म्हटलं तरी नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फाट्याच्या तोंडाची लोखंडी जाळी आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरून जाळीत अडकलेला पाला आणि चिंध्या काढताय. मी विचारतो, खालच्या चाऱ्यांना जाळ्या का नाहीत? "वरनं गाळून आलंय न्हवं पाणी? खाली कशाला पायजे?" तुमची पाठ वळते आणि मी गंमत म्हणून जाळी उचलायला जातो. कानाखाली अशी बसते की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. "म्या लावल्याल्या जाळीला हात लावायचा न्हाय. खाली पन्नास जणांची रानं हायती." त्यानंतर तुम्ही लावलेल्या कशालाच मी हात लावला नाही.

ताई स्वतःच्या मनानं लग्न करून इंदापूरला गेली, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणालात, "आजपासनं तिचं नाव ह्या घरात न्हाय." आई भाकरी करत होती. तव्यावरची करपून धूर निघाला तरी तिनं उलटली नाही. ताईनं मला बोट धरून शाळेत नेलं होतं, माझ्या वाटची बोलणी खाल्ली होती. पण तिचा फोन आला की मी तो न उचलता कट करायला लागलो. यंदा सुप्याला एका लग्नात ती अचानक समोर आली. माझ्या पोरीपुढं वाकून तिनं नाव विचारलं. पोरीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि तोंड मिटून घेतलं. नऊ वर्षांची पोर, तुम्हाला तिनं फोटोतच पाहिलंय. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, ती कोण होती? तुम्ही सगळे गप्प झालात म्हणून मी पण बोलले नाही."

गेल्या महिन्यात कामावर एक भानगड झाली. आमचा एक प्रोग्राम दुसऱ्याशी बोलेना. लागू असलेल्या फिल्टरांची यादी काढली तर अडवणारा तिथं दिसत होता, पण त्या यादीत वरून आलेले आणि स्वतःचे सगळे एकत्रच दिसतात. मी छातीठोकपणे सांगितलं, वरून आलाय, वरच शोधा. चार जणांनी अख्खी दुपार वरचे गट उपसले. शेवटी पुण्याची एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, वर काहीच नाहीये. वरचा कधीच काढून टाकलाय. हा खालच्याच गटावर आहे, आणि तुम्हीच बसवलाय." मशीन सुरू होताना तो दर वेळी पुन्हा बसेल, ही सोयसुद्धा मीच केलेली होती. मी कॅमेरा बंद केला.

तात्या, दवाखान्यातली ती दुपार. मी तुम्हाला चमच्यानं मोसंबीचा रस पाजतोय. तुम्ही दोन घोट घेता आणि म्हणता, "थोरलीला कळीव. ये म्हणावं." मी व्हय म्हणतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारता, "आली न्हाय?" मी म्हणतो, "कळवलंय." मी कळवलं नव्हतं. मला राग आला होता. तुमच्या एका शब्दाखातर मी बहीण सोडली, सात वर्षं तिला तोडून राहिलो, तुमचं अंथरुणातलं सगळं मी केलं, आणि तुम्ही दाराकडं डोळे लावून वाट बघितलीत ती तिची. तुमची मनाई तुम्ही स्वतःच उठवली होती. माझ्या पोरीपर्यंत पोचली ती माझी.

सुप्याला मांडवाबाहेर ताईनं मला एकच गोष्ट विचारली. "तात्यांनी शेवटाला माझं नाव काढलं हुतं का रं?" मी नाही म्हणालो आणि पंगतीला जाऊन बसलो. जेवलोही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. खरं तर हे तिलाच लिहायला बसलो होतो. वर आधी 'ताई' लिहिलं होतं. ते खोडून तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.